नाताळचा पाठ : शब्दसंग्रह आणि संभाषण

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या पाठ्यसामग्रीत नाताळचा पाठ बहुधा ठरलेला असतो. चित्रे आणि त्यांखाली शब्द : ट्री, स्टॉकिंग, पुडिंग, क्रॅकर. विद्यार्थी नामे पाठ करतो. परंतु परंपरेविषयी बोलण्यास नामे पुरत नाहीत. ‘आमच्याकडे असे करतात, पूर्वी तसे करीत’ हे सांगण्यासाठी साधा वर्तमानकाळ आणि ‘यूज्ड टू’ ही रचना लागते. तिचा सराव या पाठांत क्वचितच आढळतो.

याचे मूळ नाताळकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे. ब्रिटिश नाताळ जणू अनादी आहे, असे हे पाठ गृहीत धरतात. वस्तुतः हेन्री कोल यांनी व्यापारी भेटकार्ड काढले ते १८४३ मध्ये. सजवलेले झाड जर्मन वळणाचे. राजघराण्याचे झाडाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये छापले गेल्यावर ते लोकप्रिय झाले. स्कॉटलंडमध्ये तर १९५८ पर्यंत २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टीही नव्हती. ‘मिन्समीट’ या सारणात एकेकाळी खरोखर मांस असे. आज सुकामेवा असतो (चरबी कधी कधी असते, हे निराळे). या एका शब्दावर ‘यूज्ड टू’चा अख्खा तास उभा राहू शकतो. पाठात मात्र त्याचे चित्र तेवढे असते.

गोव्यातील ख्रिस्ती विद्यार्थ्याची अडचण आणखी वेगळी. त्याच्या घरी नाताळ आहे, नेवऱ्या आणि दोदोल आहेत. स्वाध्यायातील प्रश्न टर्कीविषयी असतो आणि त्याचे उत्तर ‘नो’ या एका शब्दात संपते.