बंदी पुस्तकावर, धाक वाचकाला

अश्लील ठरवून बंद केलेल्या पुस्तकांची चर्चा आपल्याकडे बहुधा लेखकाच्या स्वातंत्र्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. वाचक बिचारा बाजूलाच राहतो. फ्रेंच साहित्यातील अशा पुस्तकांचा इतिहास चाळला, तर मात्र सत्तेला खरी धास्ती वाचकाचीच होती असे दिसते.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पुस्तक छापायला राजाची परवानगी लागे. ती न मिळणारी पुस्तके स्वित्झर्लंडमधील नशातेलसारख्या गावांतून, सुट्या फर्म्यांच्या गठ्ठ्यांत दडवून, चोरवाटेने येत. रॉबर्ट डार्नटन या अमेरिकन इतिहासकाराने तेथील व्यापाऱ्यांचे कागदपत्र धुंडाळले. त्या पत्रव्यवहारात या मालाचे नाव होते ‘तत्त्वज्ञानाची पुस्तके’! शृंगारिक कादंबऱ्या, धर्मावरील टीका, दरबारातील भानगडी, सारे याच नावाखाली येई. हे नाव अगदीच खोटे नव्हते. १७४८ च्या सुमारास निघालेल्या ‘तेरेझ फिलोझोफ’ या कादंबरीत शृंगाराचा प्रसंग सरला की पात्रे ईश्वर आणि सुख यांवर वाद घालू लागतात. कलाकृती म्हणून ती बेताचीच. पात्रे म्हणजे लेखकाची मते बोलणाऱ्या बाहुल्या. पण तिची नायिका स्वतः वाचक आहे, आणि एका सरदाराच्या संग्रहातील पुस्तके व चित्रे यांमुळेच तिचा निश्चय ढळतो. वाचनाने माणूस बदलतो, ही गोष्ट या चोरट्या पुस्तकालाही ठाऊक होती.

पुढे १८५७ साली पॅरिसमध्ये सहा-सात महिन्यांच्या अंतराने दोन खटले झाले. फेब्रुवारीत ‘मादाम बोव्हारी’चा लेखक फ्लोबेर निर्दोष सुटला. ऑगस्टमध्ये बोदलेअरला तीनशे फ्रँक दंड झाला आणि त्याच्या काव्यसंग्रहातून सहा कविता काढाव्या लागल्या. त्या कवितांवरील ठपका न्यायालयाने पुसला तो १९४९ मध्ये. दोन्ही खटल्यांत सरकारी वकील एकच, एर्नेस्ट पिनार. कादंबरी तरुण मुलींच्या आणि विवाहित स्त्रियांच्या हाती पडेल, ही त्याची चिंता.

गंमत अशी, की फ्लोबेरची एमा हीदेखील वाचनानेच बिघडलेली स्त्री आहे. पण तिने वाचले काय? मठातील शिक्षणाच्या काळात वॉल्टर स्कॉट, आणि त्याआधी ‘पॉल आणि व्हर्जिनी’. म्हणजे चारचौघांत मिरवावीत अशी पुस्तके! तिचा घात बंदी घातलेल्या पुस्तकांनी केला नाही; मान्य पुस्तके तारतम्य न ठेवता वाचल्याने झाला. वकिलाला जो धोका कादंबरीत दिसला, तो त्याच्यापेक्षा कितीतरी खोलवर जाऊन लेखकाने आधीच तपासला होता. ‘मादाम बोव्हारी’ थोर ठरते ती खटल्यामुळे नव्हे, या तपासामुळे.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने अशी पुस्तके एकोणिसाव्या शतकात वेगळी काढली. त्या विभागाचे नाव ‘नरक’. सामान्य वाचकाला तिथे मज्जाव, पण पुस्तके जपून ठेवलेली! १९१३ मध्ये कवी अपोलिनेर आणि त्याच्या दोघा सहकाऱ्यांनी या नरकाची सूची छापली, आणि आत काय आहे ते बाहेर कळले. २००७ मध्ये खुद्द ग्रंथालयानेच त्याचे प्रदर्शन भरवले. सोळा वर्षांखालील मुलांना मात्र प्रवेश नव्हता.

ही वयाची मर्यादा मला शिक्षक म्हणून पटते. मुलांच्या हाती काय द्यावे, हा प्रश्न आम्हांला टाळता येत नाही. परंतु मूल मोठे होते, हे गृहीत धरूनच आपण त्याला शिकवतो. मोठ्या माणसालाही जन्मभर अजाण ठरवणारी बंदी या गृहीतालाच नाकारते. त्या ‘नरका’त बरेचसे सामान्य, एकसुरी लेखन आहे, हे मान्य करायला हवे. बंदी आली म्हणून पुस्तक थोर होत नाही. मात्र ते सामान्य आहे की थोर, हे ठरवण्याची पात्रता वाचकाच्या अंगी वाचनानेच येते. कपाटाला कुलूप लावून ती येत नाही.