कीड-नियमनाच्या कायद्यांतील ‘भोगवटादार’ : एक परीक्षण

पिकांवरील किडी व रोग यांच्या नियमनासाठी आपल्याकडे जे कायदे झाले, त्यांचे मसुदे लक्षपूर्वक वाचले असता एक शब्द वारंवार भेटतो. तो शब्द म्हणजे ‘भोगवटादार’. मद्रास इलाख्याचा १९१९ चा कायदा घ्या किंवा मुंबई प्रांताचा १९४७ चा घ्या, घडण एकाच घराण्यातील आहे. शासनाने अधिसूचना काढून एखादी कीड घोषित करावी, भोगवटादाराने सांगितलेला उपाय योजावा, आणि त्याने कुचराई केल्यास अधिकाऱ्याने तो उपाय करून खर्च त्याच्याकडून वसूल करावा. जमीन ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची, हा या रचनेचा कणा होय. शेतसाऱ्याच्या व्यवस्थेतून आलेली ही दृष्टी किडीच्या बाबतीत कितपत पुरी पडते, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. त्यासाठी वऱ्हाडातील कपाशीवरील शेंदरी बोंडअळीचे उदाहरण घेतले आहे.

या अळीचा शास्त्रीय इतिहास आपल्याच भूमीत सुरू होतो. भडोच येथील कपाशीवरील नमुन्यांवरून सॉन्डर्स याने १८४३ मध्ये तिचे वर्णन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती इजिप्तमध्ये आणि पुढे मेक्सिको व अमेरिकेत पोहोचली. १९१४ चा केंद्रीय कायदा मात्र मुख्यतः परदेशी किडींनी देशात शिरू नये म्हणून झाला, आणि अमेरिकन कापसाच्या गाठींना मुंबई बंदरात विषारी धुरी देण्याची व्यवस्था त्याखालीच आली. दाराशी पहारा बसला तेव्हा घरातील अळी परदेशी निघून गेली होती! अर्थात हा त्या कायद्याचा दोष नव्हे. त्याचे काम निराळे होते.

खरी कसोटी १९१९ च्या कायद्याने पाहिली. कोइमतूर भागात कंबोडिया कापसाची झाडे ठराविक तारखेपूर्वी उपटून टाकण्याची सक्ती त्याखाली झाली. ही अळी जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. हंगाम संपल्यावर ती उरलेल्या बोंडांत, जुळलेल्या सरक्यांत, पऱ्हाटीत सुप्तावस्थेत पडून राहते. पाच-सहा महिने शेतात कपाशी नसेल तर साखळी तुटते. म्हणून येथे औषधापेक्षा काळच अधिक प्रभावी ठरतो, कारण बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचतच नाही.

आता वाशीम जिल्ह्यातील आसेगावाच्या परिसरात उभे राहून हाच नियम वाचून पाहावा. हा मुलूख १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता. सोयाबीन, तूर आणि कपाशी ही येथील पिके. वेचण्या आटोपल्यावर विहिरीला पाणी असेल तर शेतकरी फरदड ठेवतो. बी, मशागत यांचा खर्च आधीच झालेला असतो, आणि एका-दोन पाण्यावर चार पैसे अधिक येतात. पऱ्हाटी उपटली तरी ती चुलीसाठी बांधावर रचली जाते. कृषी खाते ‘फरदड घेऊ नका’ असे दरवर्षी सांगते, ते योग्यच आहे. परंतु हंगामाची लांबी भोगवटादार एकटा ठरवीत नाही. आपल्याकडे लागवड प्रायः संकरित वाणांची, त्यांतील अनेक दीर्घ मुदतीचे. ते कोणते मिळावेत हे बियाण्याचा बाजार ठरवितो. अळी सरकीबरोबर जिनिंगच्या आवारात आणि तेलघाणीत जाते, तेथे भोगवटादाराचा संबंध उरत नाही. शिवाय शेजाऱ्याने फरदड ठेवली तर ज्याने वेळेवर रान मोकळे केले त्याच्या पुढच्या पिकावर पतंग येणारच. किडीला बांध ठाऊक नाही. कायद्याला मात्र बांधापलीकडे दिसत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बीटी कपाशीचे. २००२ मध्ये परवानगी देताना क्षेत्राच्या २० टक्के भागात, किंवा भोवती पाच ओळींत, बिगर-बीटी कपाशी लावण्याची अट होती. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बी दिले जाई. अळीत प्रतिकारशक्ती येऊ नये हा हेतू. म्हणजे लाभ साऱ्या मुलखाचा आणि तोटा एकट्या शेतकऱ्याच्या पाच ओळींचा. ते पाकीट बहुतेकांनी पेरले नाही, यात नवल काय? पुढे अळी प्रतिकारक्षम झाली आणि २०१७ मध्ये विदर्भात बोंडांची नासाडी झाली. नुकसानभरपाईसाठी २००९ च्या कापूस बियाणे कायद्याखाली ‘जी’ नमुन्यात अर्ज भरण्याचे काम आले, तेही पुन्हा शेतकऱ्यागणिक.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. मृतांत मजुरीने फवारणी करणारेही होते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम २७ खाली शासन ६० दिवसांपर्यंत विक्री थांबवू शकते. परंतु पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या रानात उतरणारा मजूर कीड-नियमनाच्या कायद्यांना ओळखीचाच नाही. तो भोगवटादार नाही.

या पार्श्वभूमीवर दोन गोष्टी वेगळ्या वाटतात. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीचा उद्रेक झाल्यानंतर राज्याने २००९-१० पासून किडींचे सर्वेक्षण व सल्ला यांचा प्रकल्प हाती घेतला. त्यात कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आढळणे यासारख्या पातळीवरून सल्ला दिला जातो. येथे मोजणी आधी येते आणि हुकूम जवळजवळ नाहीच. दुसरी गोष्ट अशी की, काही हंगामांत १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना कपाशीचे बियाणे विकण्यास राज्याने मनाई केली. लवकर पेरलेल्या कपाशीला लवकर फुले येतात आणि पतंगांना ती आयती सापडतात, हे त्यामागील कारण. हा आदेश प्रथम विक्रेत्याला बांधतो, हे त्याचे वैशिष्ट्य. आमच्या मते या दिशेने आणखी जावयास हवे. जिनिंगच्या आवारातील सरकीच्या विल्हेवाटीची तारीख, वाणाच्या मुदतीची मर्यादा आणि पऱ्हाटीऐवजी चुलीसाठी दुसऱ्या जळणाची सोय या तिन्हींचा विचार एकाच अधिसूचनेत झाला पाहिजे. आज त्या तीन निरनिराळ्या खात्यांच्या फायलींत पडून राहण्याचा संभव अधिक.