ब्रीची वेस आणि तिचे राखणदार

जे. आर. आर. टोल्कीन या इंग्रज प्राध्यापकाची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन भागांत निघाली. आपल्यापैकी बहुतेकांनी ती नातवंडांच्या हातातच पाहिली असेल. अंगठी, जादूगार, राक्षस म्हणजे पोरांचे वाचन, असे समजून आपण ती बाजूला ठेवतो. पण या देशाशी टोल्कीनचे एक वेगळे नाते आहे. त्याच्या ‘द हॉबिट’ या आधीच्या पुस्तकाचे एक हिब्रू भाषांतर इजिप्तच्या तुरुंगात कैदी असलेल्या इस्रायली वैमानिकांनी केले आणि ते १९७७ साली छापले गेले. पोरखेळासाठी माणसे तुरुंगात अशी मेहनत घेत नाहीत.

आज आम्हाला त्या मोठ्या कादंबरीतील एका लहान मुलखाविषयी लिहायचे आहे. त्याचे नाव ब्री. हॉबिट नावाच्या ठेंगण्या लोकांचा शायर हा सुखी प्रदेश मागे टाकून पूर्वेला निघाले की ब्री लागते. चारी बाजूंना ओसाड रान, आणि मध्ये ब्री, स्टॅडल, कोम, आर्चेट अशी चार गावे. मुख्य गावात थोरांची शंभरेक दगडी घरे, भोवती चर आणि कुंपण. वेशीचे दरवाजे रात्री बंद होतात. दोन जुने रस्ते इथे मिळतात, म्हणून सराईही आहे. बटरबर हा तिचा लठ्ठ, विसरभोळा, पण मनाचा चांगला मालक.

ब्रीचे वैशिष्ट्य असे की तिथे थोर माणसे आणि ठेंगणे हॉबिट एकत्र नांदतात. कोणी कोणाच्या चुलीत डोकावत नाही, आणि दुसऱ्याशिवाय गाव पुरे होत नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. शायरचे हॉबिट मात्र या ब्रीकरांना ‘बाहेरचे’ म्हणतात व अडाणी समजतात. सरहद्दीवरच्या माणसाला आतल्या माणसाने नाक मुरडावे, ही रीत टोल्कीनने अचूक पकडली आहे.

तो ब्रीकरांनाही सोडत नाही. दक्षिणेकडून संकटात सापडलेले लोक येऊ लागतात, तेव्हा ब्रीकर हळहळतात, पण आपल्या मुलखात फार परके घ्यायला तयार नसतात. रानात भटकणारे रेंजर नावाचे उंच, सावळे लोक अधूनमधून सराईत येतात. त्यांच्यापैकी एकाला गावाने ‘स्ट्रायडर’, म्हणजे लांब ढांगा टाकणारा, असे नाव ठेवले आहे. त्याचे खरे नाव कोणी विचारत नाही. तो अरागॉर्न, प्राचीन राजवंशाचा वारस. त्याचे लोक रात्रंदिवस रानात पहारा करतात म्हणूनच बटरबरला शांत झोप लागते.

पुढे युद्ध पेटते, रेंजर तिथून निघून जातात आणि गावावर गुंडांचा हल्ला होतो. गावकरी लढतात, तरी पाच जण मरतात : तीन थोर आणि दोन हॉबिट. बटरबर त्यांची ओळख सांगतो. एवढ्या अफाट युद्धकथेत लेखक या पाच साध्या माणसांसाठी थांबतो, हा त्याचा मोठेपणा आम्ही मानतो. आणि गुंडांना आत कोणी घेतले, असा संशय आहे? ज्याच्याकडे पूर्वी पश्चिम वेशीचा दरवाजा होता, तो गावचाच पहारेकरी हॅरी आणि त्याचा सोबती बिल फर्नी. संशय परक्यांवर होता, घात घरच्यांनी केला.

इथे आमचा लेखकाशी मतभेद सुरू होतो. एल्रॉन्डच्या सभेत अरागॉर्न सांगतो की साध्या लोकांना भय आणि चिंता यांपासून दूर ठेवायचे, तर राखणदारांनी गुप्त राहिले पाहिजे. बोलणे उदार आहे, आणि लेखकाचा कल त्याच्याच बाजूला दिसतो. पण लेखकाचीच कथा त्याला खोटे पाडते. ज्या गावाला आपला राखणदार कोण हे माहीत नव्हते, त्याला कोणावर भरवसा ठेवावा हेही कळले नाही. रेंजर आपल्यासाठी काय करत होते, हे बटरबरला ते गेल्यावर उमगते. वर्गात मुलांना गणिताचे उत्तर आयते द्यावे आणि परीक्षेत एकटे सोडावे, तसा हा प्रकार झाला.

दुसरी उणीव अशी, की रेंजरांची घरे आपल्याला दिसत नाहीत. त्यांच्या बायका, मुले, म्हातारे कुठे राहत होते? परिशिष्टात अरागॉर्नची आई गिलरेन हिची हकिकत येते, ती वाचावीच. पण मूळ कथेत त्या घरांची चूलही पेटलेली नाही. मुलगा पहाऱ्यावर गेला की घरात किती डोळे जागे असतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

कोकणात शेजाऱ्यांनी आपल्याला ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांनी आपला धंदा पाहिला, आपली विश्रांती पाहिली, आणि नाव ठेवले. त्यात वैर नव्हते, पण पूर्ण ओळखही नव्हती. इथे आल्यावर उलट झाले : तुम्ही खरोखर कोण, असे आपल्याला फार बारकाईने विचारले गेले. म्हणून ब्रीचे लोक आम्हाला परीकथेतले वाटत नाहीत. शेजाऱ्याला त्रास न देणे ही अर्धी माणुसकी झाली. त्याचे नाव, त्याचे दुःख विचारणे ही उरलेली अर्धी. पहिली ब्रीकरांना येत होती, दुसरी त्यांना पाच प्रेते मोजून शिकावी लागली.

सबंध कादंबरी वाचण्याइतकी नजर राहिली नसेल, तर नातवंडांकडून पहिल्या भागातील सराईचे प्रकरण आणि तिसऱ्या भागातील परतीचे प्रकरण एवढी दोन तरी वाचून घ्यावीत. स्ट्रायडर राजा झाला हे ऐकून बटरबर अवाक् होतो, आणि राजाला आपली बिअर आवडते हे ऐकून मनापासून सुखावतो. त्या भोळ्या माणसाचे हसू येईल. मग नातवंडांना जरूर विचारावे : आपल्या वेशीवर कोण उभे आहे, आणि त्याचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का?