शितावरून भाताची परीक्षा : ३८४ या आकड्याची चिकित्सा



शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपण सगळेच वापरतो. नमुना पाहणी समजावून सांगतानाही ती हमखास येते. आम्ही मुळात तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. त्यामुळे आज इथे आटगावात बोलताना त्या म्हणीतलं गृहीत तपासून पाहावं, असं आम्हाला वाटतं.

आधी म्हणीची बाजू घेऊ. एखाद्या लोकसमूहात खुज्या मुलांचं प्रमाण काढायचं, तर किती मुलं मोजायची? प्रबंधांमध्ये याचं उत्तर बहुधा ३८४ असतं. हा आकडा हवेतून आलेला नाही. प्रमाण ठाऊक नसेल तर सर्वांत अवघड स्थिती धरायची, म्हणजे निम्मं-निम्मं. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा आपला अंदाज खऱ्या प्रमाणाच्या पाच टक्के इकडेतिकडे पडावा, अशी अट घालायची. मग १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, त्याला ०.०५ च्या वर्गाने भागलं की आले ३८४. चूक निम्मी करायची असेल तर नमुना चौपट लागतो. आणि गंमत बघा, लोकसंख्या दहा लाख असो की एक कोटी, आकडा हलत नाही. दहा हजारांच्या समूहालासुद्धा ३७० लागतातच. भांडं मोठं म्हणून शितं जास्त दाबावी लागत नाहीत. इथवर म्हण खरी.

पण शीत भांड्याच्या सगळ्या भागांतून, चिठ्ठ्या टाकून उचललं तरी उत्तर मिळतं ते अख्ख्या भांड्याचं. तळाशी लागलेल्या भाताचं नाही.

आपला ठाणे जिल्हाच घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) ७०७ जिल्ह्यांतल्या सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांपर्यंत पोचली. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९०० घरं. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला, तरी ठाणे, कल्याण, उल्हासनगर ही शहरं आणि शहापूर-मुरबाडचे पाडे आजही एकाच टक्केवारीत बसतात. राज्यात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी आढळली. समजा, नमुन्यात एका तालुक्याची २५ मुलं आली आणि तिथेही ३५ टक्केच निघाले. तर खरं प्रमाण १६ असू शकतं, ५४ ही असू शकतं. याला काय उत्तर म्हणायचं? सर्वेक्षण स्वतः सावध आहे : २५ पेक्षा कमी नोंदींवरची टक्केवारी ते छापतच नाही. बेसावध असतो तो जिल्ह्याचा आकडा पाड्यावर लावणारा.

दुसरं असं की, एकाच पाड्यातली मुलं एकसारख्या परिस्थितीत वाढतात. एका वस्तीतून २२ घरं घेतली म्हणजे २२ स्वतंत्र साक्षी मिळाल्या, असं होत नाही. म्हणून ३८४ चे कधी दुप्पटही करावे लागतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणीच्या प्रयोगांत दाखवलं, की तुकडा फार लहान आखला तर हद्दीवरची रोपं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं. असे हजार तुकडे घेतले तरी फुगवटा जात नाही. पद्धतीतला दोष संख्येने धुऊन निघत नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. त्या काळात पाहणी झाली तर कुलूपबंद घराची नोंद कोण करणार? ३८४ चं सूत्र त्या कुलपाबद्दल काहीच बोलत नाही.

तेव्हा नमुना किती घ्यायचा, हा प्रश्न निव्वळ गणिताचा नाही. उत्तर कोणाबद्दल हवं आणि किती चूक चालेल, हे आधी माणसांनी ठरवायचं असतं. शहापूरचं उत्तर हवं असेल तर शहापूरचा वेगळा नमुना, मुरबाडचा वेगळा, आणि दोन्हींचा खर्चही वेगळा. तो करायचा नसेल तर अहवालात ‘या तालुक्याचं प्रमाण माहीत नाही’ असं लिहावं. जिल्ह्याचा आकडा तिथे चिकटवू नये.