पारावरचा प्रतिपक्ष

माझ्या एका कादंबरीत पारावरच्या गप्पांचे एक लांबलचक प्रकरण आहे. कादंबरीचा फारसा बोलबाला झाला नाही, पण त्या प्रकरणाचे दोघातिघा परीक्षकांनी कौतुक केले. संवाद जिवंत आहेत, वऱ्हाडी मातीचा वास त्यांना येतो, असे काहीसे त्यांचे म्हणणे होते. मॅट्रिकपुढे ज्याचे शिक्षण गेले नाही अशा शिक्षकाला एवढे पुष्कळ झाले. मी ती कात्रणे वहीत चिकटवून ठेवली.

पुढे तीच कादंबरी जानेफळातल्या माझ्या एका स्नेह्याने वाचली. हा गृहस्थ शिवणकाम करतो आणि वेगळ्या विदर्भाचा कट्टर कैवारी आहे. मी संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचा. गेली कित्येक वर्षे त्याच्या दुकानापुढच्या बाकावर आम्ही संध्याकाळी भांडत आलो आहोत. कादंबरीतल्या विदर्भवाद्याला मी त्याचीच बोलण्याची ढब दिली होती, हे त्याने लगेच ओळखले. पुस्तक परत देताना तो म्हणाला, “मास्तर, तुमी मला हारवलं त्याचं काई नाई. पन मला बोलू त द्याचं व्हतं!”

त्यानंतर आठवडाभर तो माझ्याशी पाऊसपाण्यापलीकडे काही बोलला नाही. परीक्षकांना न दिसलेला दोष शिवणयंत्रावर बसणाऱ्या माणसाला दिसला. तो दोष माझ्या एकट्याचा असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

बाकावरचा आमचा वाद कसा चालतो ते आधी सांगितले पाहिजे. त्याच्या हाती दोन हुकमाची पाने असतात. १९५३ चा नागपूर करार आणि १९५५ चा फाजल अली आयोगाचा अहवाल. करारात विदर्भाला काय काय देऊ केले होते आणि त्यातले पदरात किती पडले, हे तो कापडाच्या मापासारखे बोटांवर मोजून दाखवतो. आयोगाने तर विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारसच केली होती. यावर मी भाषेचा मुद्दा काढतो, १९६० च्या १ मे चे स्मरण देतो. तो म्हणतो, भाषा एक आहे म्हणून भावाभावांनी वाटणीच मागू नये काय? इथे मला उत्तर सुचत नाही. मग मी विचारतो, “तुमच्या राज्याच्या मुख्यमंत्र्याचं जाकीट शिवून ठेवलं का?” तो हसतो, “माप कोनाचं घ्याचं ते नागपूरवाले ठरवू देत नाईत,” म्हणतो, आणि चहा मागवतो. मी जन्मात दोनदा पुण्याला गेलो असेन, पण त्याच्या लेखी मी ‘पुणेकर’.

ही थट्टा म्हणजे वादाला लावलेली झालर नव्हे. हरणाऱ्याला ती मान खाली न घालता बाजूला होण्याची वाट देते, आणि जिंकणारा ती वाट अडवत नाही, कारण उद्या त्यालाही ती लागणार असते. उद्याही याच बाकावर बसायचे आहे, हे दोघांनी न बोलता मान्य केलेले असते. आता माझ्या प्रकरणात मी काय केले? थट्टा सगळी विदर्भवाद्याच्या वाट्याला दिली आणि युक्तिवाद सगळे नायकाच्या. विदर्भवादी वऱ्हाडी बोलतो, वाचक हसतो. मग नायक शुद्ध पुस्तकी मराठीत दीड पान बोलतो, आणि पारावरची मंडळी माना डोलावतात. आपल्याकडच्या ‘ग्रामीण’ म्हणवणाऱ्या लेखनात असे पार मी पुष्कळ पाहिले आहेत. बोली तेथे विनोदासाठी असते, विचारासाठी नसते.

ह्या रीतीचे मूळ शोधू गेलो तर जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’चे नाव कोणी पुढे करील. १८७३ चा तो ग्रंथ धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून उलगडतो. धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. पण तो संवाद आपले स्वरूप लपवीत नाही. ती शिकवणी आहे. शंका काढणारा आणि शंका फेडणारा असा तो जुना गुरुशिष्यांचा घाट आहे, आणि धोंडीबाला हास्यास्पद करून जोतीराव मोठे होत नाहीत. आम्ही कादंबरीकारांनी घाट तोच घेतला आणि वर पाटी मात्र ‘मित्रांच्या गप्पा’ अशी लावली. लबाडी आहे ती एवढीच.

खऱ्या मित्रांच्या वादाची आठवण हवी असेल तर ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ हे आगरकरांचे छोटे पुस्तक काढावे. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले एकशे एक दिवस त्यांनी मुंबईत डोंगरीला काढले. दोघेही पंचविशी नुकतीच ओलांडलेले. तुरुंगातले अन्न, तेथली माणसे, पुढच्या कामाचे बेत, सगळे त्या पुस्तकात आहे. मला त्यातला विनोद फार मोलाचा वाटतो. आपल्या हालांकडे आगरकर हसून पाहतात, आणि हे हसणे दोघांचे मिळून आहे. लेखणी एकट्या आगरकरांच्या हाती असूनही सोबत्याला खुजा करण्याचा मोह त्यांना झालेला नाही.

पुढचे सर्वांना ठाऊकच आहे. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. मतभेद डोंगरीतही असणारच. मग फरक कोठे पडला? माझ्या मते जागेत. तुरुंगात समोर माणूस होता. वर्तमानपत्रात समोर वाचक आला. मित्राशी बोलायचे ते मित्राविषयी वाचकाशी बोलणे झाले, आणि जी थट्टा सोबत्याला वाट देत होती तीच त्याला टोचू लागली. १८९५ च्या जूनमध्ये आगरकर गेले तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. उत्तर द्यायला समोरचा उरला नव्हता.

या दृष्टीने पाहिले म्हणजे पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील गच्चीच्या आंदोलनाची खुमारी वेगळी वाटते. पुस्तक १९५८ चे; मुंबईसाठी चळवळ भर रंगात. अशा वेळी तिच्याच घोषणेचे विडंबन करून ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ असे म्हणणे सोपे नव्हते. ते खपले, कारण हसणारा माणूस चाळीच्या बाहेर उभा राहून हसत नाही. मात्र तेथेही खरा प्रतिपक्ष नाही. गच्चीला कुलूप घालणाऱ्याची बाजू कोण मांडणार?

ती बाजू मांडलेली मला सापडली ती आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये. कादंबरी २००२ ची, तिला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. शिकून नोकरीविना शेतीत अडकलेला एकनाथ आणि ते जिणे न मानवणारी त्याची बायको अलका यांची कुरबुर वाचताना मी एकदा याच्या बाजूचा होतो, एकदा तिच्या. ही राजकारणाची चर्चा नव्हे, घरची आहे, असे कोणी म्हणेल. पण शेतमालाचा भाव आणि नोकरीचा अभाव यांवरून मोडू लागलेल्या घरात राजकारण आणखी कोणत्या दाराने यायचे? आणि येथली वऱ्हाडी हसवण्यासाठी आणलेली नाही. ती बोलणाऱ्यांना दुसरी भाषा नाही.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याचा संभव नाही. पहिलीच्याच प्रती खाटेखाली आहेत. तरी मी ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतले. नायकाचे दीड पान काढून टाकले, वाटणीचा प्रश्न विदर्भवाद्याच्या तोंडी घातला, आणि नायकाला तेथे गप्प बसवले. कागद स्नेह्याकडे नेऊन दिले. त्याने चष्मा चढवून दोनदा वाचले, आणि फाजल अलीचे साल चुकले होते ते कापडावर खुणा करायच्या खडूने दुरुस्त केले.

“आता जमलं का?” मी विचारले.

“बसा,” तो म्हणाला, “चहा सांगतो. तुमचा मानूस गप बसला ते काई मला पटलं नाई. मास्तर कवा गप बसत असतो का?”