'नाइट फॉल': शोध की संशय?

अमेरिकन कादंबरीकार नेल्सन डिमिल यांची 'नाइट फॉल' ही रहस्यकादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. कथानक वेगवान आहे, निवेदन मिश्किल आहे. परंतु एका खऱ्या दुर्घटनेवर ती उभी असल्याने केवळ करमणूक म्हणून तिचे मूल्यमापन करून भागत नाही.

१७ जुलै १९९६ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेले टीडब्ल्यूए कंपनीचे बोइंग ७४७ विमान अवघ्या १२ मिनिटांत लाँग आयलंडजवळ समुद्रावर फुटले. विमानातील २३० जणांपैकी एकही वाचला नाही. आकाशात प्रकाशाची रेघ पाहिल्याचे अनेकांनी सांगितले आणि विमान क्षेपणास्त्राने पाडले असा संशय पसरला.

डिमिल या संशयाचेच बोट धरतात. किनाऱ्यावर चोरून भेटलेल्या जोडप्याच्या व्हिडिओ कॅमेऱ्यात तो क्षण अनवधानाने टिपला जातो. पाच वर्षांनी, मृतांच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेनंतर, जॉन कोरी हा माजी पोलीस अधिकारी त्या फितीचा माग काढू लागतो. क्षुल्लक धाग्यादोऱ्यांवरून माणसापर्यंत पोहोचण्याची त्याची चिकाटी लेखकाने उत्तम रंगवली आहे. स्मरणसभेचे चित्रणही संयत आहे. ज्यांची माणसे गेली, त्यांना 'असे का झाले?' या प्रश्नाचे उत्तर हवे असते, याची जाण तेथे दिसते.

पुढे मात्र तो प्रश्न हरवतो आणि 'कोणी लपवले?' हा एकच प्रश्न उरतो. सरकारी तपास म्हणजे बनाव, हे कादंबरी गृहीत धरते. प्रत्यक्षात विमानाचे ९५ टक्क्यांहून अधिक अवशेष समुद्रतळातून वर काढण्यात आले व मोठा भाग तुकड्याला तुकडा जोडून उभा करण्यात आला. चार वर्षांनी, २००० साली, निष्कर्ष निघाला: मधल्या इंधनटाकीतील वाफेचा स्फोट झाला, आणि त्याचे कारण बहुधा विजेच्या तारांतील बिघाड. लोकांनी पाहिलेली रेघ स्फोटानंतर जळत जाणाऱ्या विमानाचीच असावी, असे तपासकर्त्यांचे मत पडले. या उत्तरात खलनायक नाही. म्हणूनच रहस्यकथेला ते अपुरे वाटते. परंतु त्याच उत्तरामुळे इंधनटाकीतील वाफ पेटू नये यासाठी उपाययोजना करणे २००८ च्या नियमाने बंधनकारक झाले.

१ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्याच्या समुद्रात कोसळलेल्या 'सम्राट अशोक' विमानाची आठवण येथे अपरिहार्य आहे. त्यात २१३ जण दगावले. तेथेही घातपाताची शंका घेतली गेली होती. तपासात दिसले ते एका उपकरणातील बिघाड आणि वैमानिकाचा दिशाभ्रम.

कादंबरीचा शेवट अधिक खटकतो. सत्य उघड करणारी बैठक ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांपैकी एकात ठरते आणि मनोऱ्याबरोबर पुरावाही नष्ट होतो. लेखकाची सुटका होते, पण त्यासाठी हजारोंचा मृत्यू कथेची गाठ सोडवण्याचे साधन बनतो. शिवाय पुरावा नाहीसा झाल्याने संशय कायमचा अबाधित राहतो.

कल्पिताला सत्यापासून दूर जाण्याची मोकळीक आहे. मात्र खऱ्या मृतांचा आधार घेणाऱ्या लेखकावर त्यांच्या आप्तांचे ऋणही असते. डिमिल वाचकाला रात्रभर जागवतात. ते ऋण मात्र फेडत नाहीत. कादंबरी जरूर वाचावी, परंतु तिने जागवलेल्या संशयाला ज्ञान समजू नये.