युरोपातील तरुण इतिहास-विद्यार्थ्यांची उन्हाळी विद्यासत्रे : कळवणच्या साधनांच्या कसोटीवर

युरोपातील निरनिराळ्या राष्ट्रांतील तरुण इतिहास-विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत एकत्र आणून एखाद्या विषयाचा सहविचार करावयास लावणारी विद्यासत्रे दुसऱ्या महायुद्धानंतर त्या खंडात रूढ झाली. आपल्याकडे त्यांचा उल्लेख बहुधा दोन प्रकारांनी होतो. कोणी त्यांस आंतरराष्ट्रीय सलोख्याचे साधन म्हणून गौरवितो, तर कोणी संपन्न देशांतील विद्यार्थ्यांची सहल म्हणून बाजूस सारतो. ह्या दोन्ही अभिप्रायांत सत्रांच्या शास्त्रीय मूल्याचा विचार येत नाही. इतिहास हे साधनांवर उभारलेले शास्त्र आहे असे मानले, तर अशा सत्राच्या योगाने साधनांचे वाचन अधिक चोख होते की नाही, हा पहिला प्रश्न ठरतो. सलोखा हा त्याचा आनुषंगिक लाभ होय. प्रस्तुत लेखात ह्याच दृष्टीने त्या पद्धतीचे परीक्षण करावयाचे आहे. कसोटीसाठी नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका घेतला आहे. त्याचे कारण असे की, ह्या लहानशा टापूच्या इतिहासाची साधने अनेक भाषांत व लिप्यांत विखुरलेली आहेत, आणि तेथील बहुसंख्य रहिवाशांचा इतिहास तर कोणत्याच लिपीत पुरता उतरलेला नाही.

ह्या परंपरेचे एक आरंभीचे उदाहरण म्हणजे १९४७ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे लेओपोल्डस्क्रोन प्रासादात भरलेले सत्र. हार्वर्ड विद्यापीठातील क्लेमेन्स हेलर, रिचर्ड कॅम्बेल व स्कॉट एलेज ह्या तिघांनी ते योजिले. एफ. ओ. मॅथिसेन व मार्गारेट मीड यांच्यासारखे अध्यापक तेथे गेले. दोनच वर्षांपूर्वी परस्परांविरुद्ध लढलेल्या राष्ट्रांतील तरुण एका छताखाली राहिले, ही गोष्ट सामान्य नव्हे. परंतु त्या सत्राचा विषय होता अमेरिकन संस्कृती. शिकविणारे अमेरिकेचे, शिकणारे युरोपाचे, आणि ज्ञानाचा ओघ एकाच दिशेने वाहणारा, अशी ती रचना होती. ज्या भूमीवर सत्र भरले, त्या भूमीची साधने तेथे अभ्यासविषय नव्हती. यजमानाकडे केवळ वास्तू असावी आणि विषय पाहुण्यांनी आणावा, हा दोष ह्या प्रकारात आरंभापासूनच शिरलेला आहे.

पुढे ह्या दोषाचे अंशतः निवारण झाले, ते जर्मनीत निघालेल्या एका स्पर्धेमुळे. १९७३ साली तत्कालीन राष्ट्राध्यक्ष गुस्ताफ हाइनेमान व उद्योगपती कुर्ट क्योर्बर यांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी इतिहास-स्पर्धा सुरू केली. विद्यार्थ्याने आपल्या गावचा, आपल्या परिसराचा विषय घ्यावा व मूळ कागद आणि जिवंत साक्षी यांच्या आधारे तो मांडावा, ही तिची दिशा. ही दिशा किती दूर नेऊ शकते, हे पासाउ नगरातील आना रोस्मुस हिच्या उदाहरणावरून दिसते. १९८०-८१ च्या स्पर्धेचा विषय नाझी राजवटीतील दैनंदिन जीवन हा होता. तिने आपल्याच नगराचा त्या काळातील इतिहास शोधावयास घेतला. प्रतिष्ठित मंडळींचा रोष तिने ओढवून घेतला. कागदपत्रे पाहावयास मिळावीत म्हणून तिला न्यायालयाची पायरी चढावी लागली. आणि १९८३ मध्ये तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्थानिक इतिहास हा निरुपद्रवी छंद आहे, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

अशा निरनिराळ्या राष्ट्रीय स्पर्धांचे ‘युस्टोरी’ नावाचे जाळे क्योर्बर प्रतिष्ठानाने २००१ साली विणले, आणि पारितोषिक मिळविलेल्या तरुणांची आंतरराष्ट्रीय सत्रे त्यातून भरू लागली. विद्यापीठीय पातळीवर इतिहास-विद्यार्थ्यांची स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना त्यापूर्वीच, १९९० साली, बुडापेस्ट येथे स्थापन झाली होती. रशियातील ‘मेमोरियल’ संस्थेने १९९९ पासून विसाव्या शतकातील माणसाच्या इतिहासावर अशीच शालेय स्पर्धा चालविली. त्या संस्थेच्या विसर्जनाचा आदेश तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. तरुणांनी घरातील व गावातील कागद उलगडणे सत्तेला का खुपते, ह्याचे उत्तर ह्या घटनेत आहे. तेव्हा ह्या चळवळीचे मोल नाकारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

तथापि, स्पर्धा व सत्र ह्या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि त्यांची गल्लत होऊ नये. स्पर्धेतील विद्यार्थी आपल्या गावच्या दप्तरात बसून महिनोन् महिने काम करतो. सत्रात तो थोड्या दिवसांसाठी येतो, आणि येताना मूळ कागद घरी ठेवून येतो. कागद आणला तरी शेजारी बसलेल्या परदेशी सोबत्यास त्याची भाषा येत नाही. मग व्यवहारासाठी बहुधा इंग्रजी येते, कागदाच्या जागी त्याचा सारांश येतो, आणि सारांशाच्या जागी हळूहळू मत येते. ‘आमच्याकडे ह्या युद्धाची आठवण अशी आहे, तुमच्याकडे कशी आहे?’ हा संवाद मनोरंजक असतो, उद्बोधकही असतो. परंतु त्यात आठवणींची देवघेव होते, साधनांची चिकित्सा होत नाही. शिवाय प्रत्येक विद्यार्थी नकळत आपल्या राष्ट्राचा वकील बनतो. ही वकिली सुटावी म्हणूनच वस्तुतः ही सत्रे जन्मास आली होती.

आता कळवणकडे वळू. हा तालुका जुन्या बागलाणचा भाग. बागलाणच्या बागुल राजांचा इतिहास रुद्रकवीच्या ‘राष्ट्रौढवंश महाकाव्या’त आहे. ते संस्कृत काव्य १५९६ साली नारायणशहाच्या आश्रयाने रचले गेले व १९१७ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापले गेले. पुढे १६३८ मध्ये औरंगजेबाच्या दक्षिण सुभेदारीच्या काळात हे राज्य मोगलांकडे गेले, आणि साधनांची भाषा फारसी झाली. पेशवाईतील दप्तर मोडीत आहे. माधवराव पेशव्याने राघोबादादाचा पराभव केला तो १७६८ मध्ये धोडप येथे, सातमाळ्याच्या ह्याच रांगेत. १८१८ नंतर इंग्रजी कागदांचा काळ सुरू होतो. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाल्यामुळे त्यापूर्वीचे पुष्कळसे कागद खानदेशच्या नावाखाली शोधावे लागतात, ही आणखी एक अडचण.

एकच प्रसंग घेऊन पाहावे. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट करून शिवाजी महाराजांचे सैन्य बागलाणातून परत येत असता, कळवणच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या रांगेतील कांचन-मंचन परिसरात व पुढे वणी-दिंडोरीच्या बाजूस दाऊदखानाशी त्याची गाठ पडली. ह्या मोहिमेविषयी मराठीत सभासदाची बखर बोलते. पण ती घटनेनंतर सुमारे पाव शतकाने, दूर जिंजीस लिहिली गेली. फारसीत भीमसेन सक्सेना लिहितो. तो स्वतः दाऊदखानाच्या लष्करात होता, म्हणजे प्रत्यक्षदर्शी होता. पण पराभूत पक्षाचा चाकर होता. सुरतेच्या लुटीविषयी इंग्रज वखारवाल्यांची पत्रे आहेत. ती घटनेच्या अगदी लगतची. पण लिहिणाऱ्याचे लक्ष आपल्या मालावर व आपल्या वखारीच्या बचावावर खिळलेले. तिन्ही साधने मुद्रित आहेत. भीमसेनाच्या ग्रंथाचा मराठी अनुवाद सेतुमाधवराव पगडी यांनी केलेला आहे. असे असूनही ही साधने समोर ठेवून त्यांतील विसंगती मूळ शब्दांवरून तपासावयाची, तर मोडी व बखरीची मराठी जाणणारा, फारसी जाणणारा आणि सतराव्या शतकातील इंग्रजी व्यापारी पत्रांची परिभाषा जाणणारा, असे तीन वाचक एका मेजाशी हवेत. एका व्यक्तीत हे तिन्ही गुण क्वचितच आढळतात.

तीच गोष्ट कण्हेरगडाची. १६७१-७२ च्या सुमारास दिलेरखानाशी ह्या गडाखाली झुंजलेल्या रामजी पांगेऱ्याची हकीकत सभासदाने रंगविली आहे. त्याचे सातशे लोक व दिलेरखानाचे पडलेले बाराशे पठाण हे आकडे लेखांतून व भाषणांतून आजतागायत फिरत आहेत. आकडा बखरकाराचा आहे, तो कोणत्या साधनाने पडताळला, असा प्रश्न ज्या वर्गात विचारला जात नाही, त्या वर्गात वीराचा गौरव होईल, इतिहास होणार नाही. परक्या वाचकाच्या सहवासाचा खरा उपयोग येथे आहे. ज्यास आपल्या अभिमानाची लाज राखावयाची नाही, असा सोबती मेजाशी असला की प्रश्न सहज विचारला जातो. म्हणजे विविध देशांच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणण्याची ही युरोपीय कल्पना कळवणच्या इतिहासास निरुपयोगी तर नाहीच, उलट अत्यंत उपकारक आहे. मात्र एक अट हवी : विद्यार्थी राष्ट्रांनुसार न निवडता त्यांस वाचता येणाऱ्या साधनांनुसार निवडावेत.

परंतु येथेच दुसरी व अधिक कठीण कसोटी पुढे येते. कळवण तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतो, आणि कोकणा व भिल्ल हे येथील मोठे समाज आहेत. वर उल्लेखिलेल्या साधनांत ते जवळजवळ नाहीत. आहेत तेथे वाटाड्या, बंडखोर किंवा करदाता म्हणून आहेत. १८२५ मध्ये औट्रमने उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीच्या कागदांत भिल्ल दिसतो तो शिस्त लावावयाचा माणूस म्हणून. त्यांची स्वतःची स्मृती कथागायनात, डोंगरदेवाच्या उत्सवात आणि कुळांच्या व स्थळांच्या नावांत आहे. डोंगरदेवाचा उत्सव मार्गशीर्षाच्या सुमारास होतो. सप्तशृंगगडाची मोठी यात्रा चैत्रात भरते. युरोपचा उन्हाळा म्हणजे जुलै-ऑगस्ट. त्या वेळी येथे पावसाचे दिवस असतात आणि सारे मनुष्यबळ शेतात गुंतलेले असते. परकीय सुट्टीच्या सोयीने ठरविलेल्या सत्रास दप्तरखाना उघडा सापडेल. कथा सांगणारा माणूस मोकळा सापडणार नाही. साधनांनाही ऋतू असतात, हे ज्या योजनेत लक्षात घेतलेले नाही, ती योजना लिखित साधनांच्या बाजूने आधीच पक्षपाती झालेली असते.

अल्पकाळात हे साधत नाही, ह्याची साक्ष युरोपीय विद्वानांनीच दिली आहे. हायडेलबर्गचे ग्युन्टर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या व खंडोबा-बिरोबाची उपासना यांचा अभ्यास केला, तो मराठी आत्मसात करून व वर्षानुवर्षे वाड्या-वस्त्यांवर जाऊन. फ्रान्सहून पुण्यास येऊन स्थायिक झालेले गी प्वातव्हाँ यांनी हेमा राईरकर यांच्यासमवेत जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात गावोगावच्या स्त्रिया ओव्या पुरविणाऱ्या म्हणून येत नाहीत. त्या स्वतः आपल्या ओव्यांचा अर्थ सांगणाऱ्या म्हणून येतात. यजमानास साधन न मानता सहवाचक मानणे, हा त्या कार्याचा धडा होय.

आपल्या घरच्या परंपरेकडेही ह्या निमित्ताने डोळसपणे पाहिले पाहिजे. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला हा आपला उन्हाळी विद्याप्रसार. पण ती श्रवणाची परंपरा आहे, वाचनाची नव्हे. वाचनाची परंपरा राजवाड्यांनी घालून दिली. १८९८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड, १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ व त्याची वार्षिक इतिवृत्ते, आणि राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यास उभे राहिलेले संशोधन मंडळ, ही त्या परंपरेची स्मारके होत. कागद कोठे सापडला, कोणाच्या घरी सापडला हे सांगून तो जसाच्या तसा छापावयाचा, हा तिचा कणा. तिचे वैगुण्य असे की, ती एकट्या साधकाची राहिली आणि लिहिता येणाऱ्या घराण्यांच्या दप्तरांपुढे फारशी गेली नाही. पुराभिलेख संचालनालय व काही संस्था यांचे मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग होतात. परंतु त्यांत अक्षर लावावयास शिकविले जाते, त्याच प्रसंगाचे फारसी किंवा इंग्रजी साधन शेजारी ठेवून ताडून पाहावयास क्वचितच शिकविले जाते.

ह्या सर्व विवेचनावरून निर्णय असा निघतो. युरोपीय उन्हाळी सत्रांत सहवाचनाची सामग्री आहे, पण त्यांचा ओढा सहवासाकडे अधिक आहे. आपल्या परंपरेत वाचन आहे, पण सहवाचन नाही. उद्या आपल्या विद्यापीठीय विभागांनी अशा सत्राचे यजमानपद स्वीकारले, तर त्याचे मूल्यमापन कोणत्या देशांतून किती विद्यार्थी आले ह्यावरून करू नये. ते तीन प्रश्नांवरून करावे. सत्र संपताना एखाद्या कागदाचे संपादन, एखाद्या दप्तराची यादी किंवा एखाद्या कथेचे तिच्या मूळ बोलीतील लेखन कळवणमध्ये मागे राहिले काय? मूळ साधन मेजावर होते की केवळ त्याचा इंग्रजी सारांश? आणि कळवणच्या महाविद्यालयातील कोकणा विद्यार्थी त्या मेजाशी वाचक म्हणून बसला होता, की पाहुण्यांना कण्हेरगडाची वाट दाखवावयास त्याला बाहेर उभे केले होते?

तिसरा प्रश्न सौजन्याचा नाही, शास्त्राचा आहे. कोकणी बोलीतील कथेतला स्थळवाचक शब्द कोणत्या डोंगरास लागू पडतो, हे जो जाणतो तो त्या साधनाचा अधिकारी वाचक होय, जसा फारसी जाणणारा भीमसेनाच्या ग्रंथाचा. त्याला वगळून केलेले वाचन अपुरे राहील, मग वाचणारे कितीही देशांचे असोत. आपल्या विभागांनी सत्राची योजना आखताना पहिले निमंत्रण त्यालाच पाठवावे आणि सत्राच्या तिथीही त्याला विचारूनच ठरवाव्यात.